इंग्लंडमधील लहान खेड्याचा इतिहास कसा शोधावा : लॅक्स्टनच्या निमित्ताने

इंग्लंडमधील एखाद्या खेड्याचा मध्ययुगापासूनचा इतिहास शोधायचा असेल, तर १०८६ सालच्या डूम्सडे बुकापासून सुरुवात करण्याचा मोह आवरावा. त्यात गावाचे नाव सापडले की आनंद होतो खरा, पण ती मोजदाद विल्यम राजाच्या महसुलासाठी झालेली आहे. जमीन कोणाकडे होती, नांगर किती चालत, उत्पन्न किती येई, एवढे ती सांगते. कुळांची नावे किंवा गावाची रचना तीत मिळत नाही. त्यापेक्षा आजच्या गावापासून निघून एकेक टप्पा मागे जावे, कारण पायाखालून गेलेली वाट जुन्या कागदात भेटली की लगेच ओळखू येते. नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन हे गाव या कामासाठी उत्तम आहे; इतरत्र बहुतेक ठिकाणी कागदांतच उरलेली सामायिक शेती, म्हणजे मोठ्या बिनकुंपणाच्या शेतांत सर्वांचे पट्टे असण्याची पद्धत, तेथे अजून चालू आहे.

प्रथम गाव पायी फिरावे, शक्यतो हिवाळ्यात, ऊन तिरपे असताना. इंग्लंडच्या मध्य भागातील कुरणांत गवताखाली लांबच लांब वरंबे आणि सऱ्या उमटलेल्या दिसतात. मध्ययुगीन नांगरटीच्या त्या खुणा आहेत. लॅक्स्टनमध्ये शेतकऱ्यांची घरे शेतात विखुरलेली नसून गावरस्त्याच्या कडेने उभी आहेत आणि त्यांच्यामागे लांबट परसे आहेत. प्रत्येकाची जमीन निरनिराळ्या शेतांत पट्ट्यापट्ट्याने विभागलेली असल्यामुळे सर्वांनी गावातच राहणे सोयीचे होते. चर्चच्या उत्तरेस नॉर्मन किल्ल्याची मातीची टेकडी आहे. चर्चच्या इमारतीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धारांत अशा पुष्कळ इमारती बदलल्या, आणि लॅक्स्टनचे चर्च तर १८६० च्या सुमारास चक्क आखूड करण्यात आले.

त्यानंतर नकाशे घ्यावेत. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे एकोणिसाव्या शतकातील नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. त्यांच्या मागचा टप्पा टाइद म्हणजे दशमांशाच्या नकाशांचा. चर्चला द्यावयाचा धान्याचा दशमांश रोख रकमेत बदलण्यासाठी १८३६ साली कायदा झाला आणि त्यापायी हजारो गावांचे नकाशे तयार झाले. नकाशावरील प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो आणि सोबतच्या यादीत त्याच क्रमांकापुढे मालक, कसणारा, शेताचे नाव व क्षेत्रफळ दिलेले असते. शेतांची नावे आवर्जून उतरवून घ्यावीत. नाहीशी झालेली पवनचक्की किंवा तळे पुष्कळदा नावातच उरलेले असते. टाइद नकाशा न मिळाल्यास कुंपणबंदीचा निवाडा, म्हणजे सामायिक जमीन वाटून खासगी कुंपणांत घालण्याचा अधिकृत निर्णय, शोधावा, कारण अनेक गावांत दशमांशाचा प्रश्न त्याच वेळी मिटवला गेला होता.

लॅक्स्टनचा खरा ठेवा म्हणजे मार्क पियर्स याने १६३५ साली केलेली मोजणी आणि नकाशा, जो आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात शेतांचे पट्टे एकेक करून दाखवले आहेतच, शिवाय नांगरणारी, कापणी करणारी आणि शिकारीमागे धावणारी माणसेही चितारली आहेत. हा नकाशा ज्याच्यासाठी झाला तो जमीनमालक सर विल्यम कोर्टेन हा लंडनचा व्यापारी होता, आणि त्याच्या व्यापारी मंडळाची जहाजे १६३६ साली गोव्याला पोहोचली. गावाचा मालक कोण, तो पैसा कोठून आणत होता, हे विचारले की खेड्याचा इतिहास असा अचानक आपल्या किनाऱ्याला येऊन लागतो.

त्याहून मागे जाण्यासाठी मॅनर न्यायालयाचे, म्हणजे जमीनदाराच्या स्थानिक न्यायालयाचे, दप्तर लागते. ते कोठे आहे हे नॅशनल आर्काइव्ह्जच्या मॅनर दस्तऐवज सूचीत पाहावे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील वळणाचे अक्षर प्रथम अगम्य वाटते. मोडी शिकलेल्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको. त्यातच १७३३ पर्यंतचे हे दप्तर, १६५० च्या दशकातील काही वर्षे सोडल्यास, बहुतांशी लॅटिनमध्ये आहे. चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम १५३८ चा आहे, परंतु सर्वच गावांच्या वह्या तितक्या मागे जात नाहीत. या वह्या वाचताना एक चूक हमखास होते. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारी १७०० अशी नोंद आपल्या हिशेबाने १७०१ ची असते. हे विसरल्यास मूल आईबापांच्या लग्नाआधीच जन्मलेले दिसू लागते आणि संशोधक नसत्या निष्कर्षावर उडी मारतो.

जुने कागद वाचून झाल्यावर लॅक्स्टनला पुन्हा जायचे असेल, तर नोव्हेंबरच्या अखेरीस जावे. तेथे तीन मोठ्या शेतांत गहू, उन्हाळी पीक आणि पड अशी पाळी फिरते. त्या दिवसांत पंच म्हणून नेमलेले शेतकरी गव्हाच्या शेतात हिंडून कोणी नांगर बांधावर किंवा सामायिक गवती पट्ट्यात घातला आहे का ते पाहतात, हद्द सरकली असेल तेथे खुंट्या ठोकतात आणि दंड ठरवतात. आठवडाभराने कोर्ट लीट हे मॅनरचे जुने न्यायालय भरते, तेथे त्या दंडांचा निकाल लागतो आणि पुढच्या वर्षीच्या शेताचे पंच नेमले जातात.