डिझेलला चिप घेताना
माझी स्विफ्ट डिझेल, 1.3 लिटर, 75 पीएस. खंबाटकी घाटात 2000 आरपीएमच्या खाली आली की जीवच जायचा तिचा. ताकद वाढवायला आधी ओबीडी सॉकेटात (गाडीतले दोष तपासायचं यंत्र जोडतात त्यात) खोचायची स्वस्तातली चिप आणली. उघडली, तर आत नुसते लुकलुकणारे दिवे! तिच्या वाटेला जाऊ नका.

खरी चिप म्हणजे ट्यूनिंग बॉक्स. तो रेल प्रेशर सेन्सर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणारा) आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) यांच्या मधे बसतो. ईसीयूला प्रेशर कमी दाखवतो, मग ईसीयू ते वाढवतो, डिझेल जास्त जातं आणि ताकद वाढते. नेमका आपल्याच इंजिनाचा, मूळ कपलरवर (वायरींच्या जोडणीवर) बसणारा घ्या. वायर कापायला सांगणाऱ्याला लांबूनच नमस्कार. सेटिंग सगळ्यात खालचं ठेवा. चौथ्या गिअरात पाय दाबला आणि आरपीएम चढला पण गाडी नाही, तर क्लच घसरतोय. काळा धूर आला तर पीयूसीला अडकाल. डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) बीएस-6 गाडीला मी तरी लावणार नाही. वॉरंटी? ती आधी संपू द्या.