जायफळ-जायपत्री वापरताना या चुका टाळा

कोजागरीचं मसाला दूध कडवट का झालं? बहुतेक वेळा उत्तर एकच: जायफळ जास्त पडलं. लिटरभर दुधाला बारीक किसणीवर सात-आठ वेळा घासलं की पुरे. तेही दूध गॅसवरून उतरवल्यावर, कारण उकळत राहिलं की सुगंध उडतो आणि कडवटपणा मागे राहतो. पुरणातही जायफळ वाटताना घालावं, शिजवताना नाही.

तयार पूड घेऊ नका. नाशिकला रविवार कारंजा, भद्रकालीकडे मसाल्याच्या दुकानांत अख्खं जायफळ हातात घेऊन बघा. जड लागायला हवं, बारीक छिद्रं दिसली तर किडा लागलाय. टाचणी टोचल्यावर टोकाला तेल आलं, तर माल चांगला.

जायपत्रीत, म्हणजे जायफळावरच्या जाळीदार आवरणात, खरी फसगत रामपत्रीची. ती मलबारी जायफळाची, म्हणजे झाडच वेगळं. जायपत्री केशरी-पिवळसर असते, चुरली की लगेच घमघमते. रामपत्री काळपट तांबडी, वास जेमतेम. रामपत्री मसाल्यात चालते, पण तिला जायपत्रीचा भाव देऊ नका. काळ्या मसाल्यासाठी जायपत्री अगदी शेवटी, मंद आचेवर तेलात टाका आणि रंग गडद व्हायच्या आत झाऱ्याने काढा. करपली तर सगळा मसाला कडू होतो.

आता औषधाचं. इथली चूक महागात पडते, म्हणून जरा सविस्तर सांगते. आयुर्वेदात जायफळ ग्राही, म्हणजे पातळ जुलाब बांधणारं. बद्धकोष्ठ असलेल्यांनी ते झोपेसाठी रोज घेतलं तर त्रास वाढू शकतो. जातीफलादि चूर्ण म्हणजे नुसती जायफळाची पूड नव्हे, त्यात भांगही असते. वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

झोपेसाठी दुधात चिमूटभर ठीक, चमचाभर अजिबात नाही. साधारण 5 ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन चहाचे चमचे पूड, पोटात गेली तरी मळमळ, तोंडाला कोरड, धडधड, भास असे त्रास होऊ शकतात. यामागे त्यातलं मायरिस्टिसिन हे द्रव्य आहे. परिणाम काही तासांनी दिसतो, म्हणून ‘काहीच फरक नाही’ असं वाटून लोक पुन्हा घेतात. ते करू नका. गरोदरपणात औषध म्हणून टाळाच.

बाळगुटीत आजी सहाणेवर जायफळाचा एखादा वेढा देत आल्यात. पण बाळ रात्री रडतं म्हणून वेढे वाढवणं धोक्याचं आहे. तान्ह्या बाळाला बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काहीच उगाळून देऊ नका, आणि जायफळानंतर बाळ सुस्त पडलं तर थेट दवाखाना गाठा.