सर्व्हरचा चपटा लिक्विड कूलर छोट्या पीसीत कसा बसवायचा

जुन्या सर्व्हरमधून काढलेले चपटे लिक्विड कूलर कधीकधी भंगार-सेकंडहँडवाल्यांकडे दिसतात. पंप, कोल्ड प्लेट (प्रोसेसरवर टेकणारी धातूची प्लेट), दोन नळ्या, पट्टीसारखा रेडिएटर, आणि हे सगळं वनयू म्हणजे ४४.४५ मिमीच्या रॅकमध्ये मावणारं, त्यामुळे मिनी आयटीएक्सवाल्यांच्या, म्हणजे छोट्या बोर्डावर छोटा पीसी बांधणाऱ्यांच्या, तोंडाला पाणी सुटणारच. पण प्रोसेसर ६५ वॅटचा असेल तर हा उद्योग करूच नका, साधा लो प्रोफाइल एअर कूलर घ्या आणि मोकळे व्हा. केसमध्ये उंची मिळतेय ४५-५० मिमी आणि प्रोसेसर आहे रायझन ५८००एक्ससारखा तापट (खोक्यावर १०५ वॅट, प्रत्यक्षात १४२ पर्यंत खेचतो) तेव्हाच मेहनत वसूल होते. माझाही तोच आहे, एएम४ (एएमडीचं सॉकेट) बोर्डावर, म्हणून पुढचं सगळं त्याच हिशोबाने.

आता गंमत बघा. मिनिटाला फक्त १ लिटर पाणी फिरलं तरी १४२ वॅटने ते जेमतेम २ अंश तापतं, म्हणजे पाण्याची बाजू निवांत आहे. तीच उष्णता हवेने न्यायची आणि हवा १० अंशच तापू द्यायची तर साधारण २५ सीएफएम (मिनिटाला २५ घनफूट) हवा रेडिएटरच्या बारीक जाळीतून खरोखर आरपार गेली पाहिजे, आणि तिथेच सगळ्यांचं गणित फसतं. सर्व्हरमध्ये हे काम ४० मिमीचे पंखे दहा-पंधरा हजार आरपीएमला करतात, ते टेबलावर लावलेत तर घरचे पीसीसकट तुम्हाला बाहेर काढतील. तेच पंखे ३००० वर आणले की आवाज जातो, पण जाळी दाट असल्याने हवाही आरपार जाईनाशी होते.

म्हणून ते पंखे काढाच. एका १२० मिमी पंख्याचं तोंड म्हणजे ४० मिमीचे नऊ पंखे, आणि चार पंख्यांच्या रेडिएटरला तो भरपूर होतो, फक्त हवा गोळा करून आणावी लागते. पंखा साइड पॅनेलला, रेडिएटर कडेला, मध्ये उतरता डक्ट, म्हणजे हवेचा बंद बोगदा. आधी पुठ्ठ्याचा करून बघा, जमला की सनबोर्डचा (फोमची कडक शीट). सांधे फोम टेपने बंद करा कारण हवा आळशी असते, फट दिसली की तिथूनच पळते. पंखा एअरफ्लोवाला नको, जास्त स्टॅटिक प्रेशरवाला (दाट जाळीतूनही हवा ढकलणारा) घ्या, आणि हवा बाहेरून आत ओढू द्या म्हणजे रेडिएटरला ग्राफिक्स कार्डची गरम हवा मिळणार नाही. धुळीसाठी जाळी लावलीत तर ती दर महिन्याला झटका.

खरं डोकं खातं ते माउंटिंग. माझा कूलर एलजीए २०११ नॅरो आयएलएमचा (इंटेलच्या सर्व्हर सॉकेटची अरुंद चौकट), भोकं ५६ × ९४ मिमी. एएम४ ची ५४ × ९०. म्हणजे प्रत्येक भोक एका दिशेने १ आणि दुसऱ्या दिशेने २ मिमी आत सरकवायचं, गोल कानशीने अर्ध्या तासात होतं (कानस चालवताना कोल्ड प्लेटला टेप लावून ठेवा, चरा पडला की संपलं). ब्रॅकेटचा कान बारीक असेल तर कानस नको, ३ मिमी लोखंडी पट्टीचा नवा बनवून घ्या. स्क्रू मात्र जुने चालत नाहीत, ते एम४ (४ मिमी) मापाचे, आणि एएम४ बॅकप्लेटचे (बोर्डामागच्या पट्टीचे) आटे ६-३२ या इंची मापाचे, हार्ड डिस्कच्या स्क्रूचेच. सगळ्यात सोपं म्हणजे कुणाचा तरी पडून असलेला रेथ स्टेल्थ कूलर मागायचा (एएमडी प्रोसेसरसोबत येणारा), त्याचे स्प्रिंगवाले स्क्रू थेट या बॅकप्लेटला लागतात, फक्त लांबी आधी मोजा. मी पहिल्यांदा स्प्रिंगचा दाब न तपासता बसवलं, तापमान सेकंदात ९० ला भिडलं, उघडून बघतो तर थर्मल पेस्टचा ठसा अर्ध्याच भागावर. तेव्हा स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतले आलटूनपालटून आवळा, एकदा काढून ठसा बघा, मगच पुढे जा. आणि काढताना सरळ ओढू नका, पीसी थोडा गरम असताना बंद करून कूलर हलकेच पिळून काढा, नाहीतर एएम४ चा प्रोसेसर सॉकेटमधून पिनांसकट वर येतो.

सर्व्हर आडवा झोपलेला असतो, तुमचा डबा कदाचित उभा. लूपमधली (पाणी फिरतं त्या बंद वाटेतली) हवा सगळ्यात वरच्या जागी जमते, ती जागा पंप असेल तर खरखर सुरू आणि पंपाचं आयुष्य कमी. रेडिएटरचा वरचा भाग पंपाच्या वर ठेवा, एवढं पुरे.

वायरिंगमध्ये ब्रँडेड सर्व्हरचे कनेक्टर दिसायला सारखे असले तरी पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, मल्टिमीटरशिवाय लावू नका. बोर्डाचा फॅन हेडर सहसा १ अँपिअरचा, त्यामुळे पंपाचे १२ व्होल्ट सरळ पीएसयूतून (पॉवर सप्लायमधून) द्या आणि स्पीडची वायर तेवढी सीपीयू फॅन हेडरला, म्हणजे पंप बंद पडला तर बोर्ड बोंब मारेल. पंपाचा स्पीड कमी करायच्या भानगडीत पडू नका.

जुन्या युनिटमधलं पाणी नळ्यांतून हळूहळू उडालेलं असतं. भरायचं झालं तर नळाचं किंवा बोअरचं नको. रेडिएटर बहुतेक वेळा अॅल्युमिनियमचा, प्लेट तांब्याची, ही जोडी साध्या पाण्यात एकमेकांना खाते, म्हणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये गंजरोधक असलेलं प्रोपिलीन ग्लायकॉल. मग गळती बघायला भरलेला कूलर पीसीबाहेर टेबलावर टिश्यू पेपरवर ठेवून नुसता पंप २४ तास चालवा.

एक गोष्ट हमखास विसरली जाते, व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग. सर्व्हरमध्ये वाऱ्याच्या झोताने तो आपोआप थंड होतो, इथे प्रोसेसरवर पंखाच नाही, तेव्हा एक छोटा पंखा हळू वेगाने तिकडे वळवा.

टेस्ट थंडीत करत असाल तर खोलीचं तापमान लिहून ठेवा. २८ अंशाच्या खोलीत फुल लोडवर ७४ दिसलं तर नागपूरच्या मे महिन्यात ४२ च्या खोलीत ८८ धरा, आणि ५८००एक्स ९० ला स्वतःच स्पीड पाडतो. मी उन्हाळ्यात बायोसमध्ये इको मोड (कमी वीज खेचायची सेटिंग) लावून ८८ वॅटवर बांधतो, जूनमध्ये परत मोकळा.