आडनाव जुळलं म्हणून नातं जुळत नाही: आयरिश वंशावळ शोधताना या चुका टाळा

लग्नानंतर आयर्लंडमध्ये कॉर्कला आले तेव्हा सासूबाईंनी जुन्या फोटोंचा डबा काढला. "हा माझा कझिन. ही पण कझिन. आणि हा... कझिनच म्हण." आपल्याकडे चुलत, मावस, आते, मामे म्हटलं की निम्मी वंशावळ तिथेच कळते. इथे सगळे एका माळेचे मणी. शेवटी मी वही घेतली आणि सगळी नाती मराठीत लिहून काढायला लागले. त्याला बारा वर्षं झाली. आता ओळखीचे-अनोळखी सगळे आपापल्या वंशावळी माझ्याकडे तपासायला पाठवतात आणि दहातल्या आठांत त्याच त्या चुका असतात. त्या एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

आडनाव हा पुरावा नाही

"आमचे पणजोबा मर्फी, तुमच्याकडेही मर्फी, म्हणजे नातं असणारच." कोल्हापूरच्या पाटलाने जळगावच्या पाटलाला काका म्हणावं तसं हे. १८९० च्या जन्मनोंदींवरून आडनावांची एक सरकारी मोजदाद झाली होती. तिच्यात मर्फी पहिले, अंदाजे ६२,६००. त्यांच्या मागे केली, सलिव्हन, वॉल्श. केली तर एका मूळपुरुषाचे नाहीतच. वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी घराणी उगवली आणि इंग्रजी कारकुनांनी सगळ्यांना एकच स्पेलिंग दिलं. कॅव्हन परगण्यातला स्मिथ मूळचा मॅक गव्हन, म्हणजे लोहाराचा मुलगा, असू शकतो आणि शेजारच्या गल्लीतला स्मिथ थेट इंग्लंडहून आलेला.

"आम्ही ओ'सलिव्हन, ते नुसते सलिव्हन, म्हणजे वेगळे" हेही तितकंच पोकळ. आधी गळून गेलेला हा 'ओ' एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आयरिश भाषेचं वारं सुटलं तेव्हा बऱ्याच लोकांनी परत लावला. बाप्तिस्म्याला सलिव्हन आणि १९११ च्या जनगणनेत ओ'सलिव्हन असलेला माणूस एकच असतो. 'ओ' शोधत बसू नका, गाव शोधा. गाव म्हणजे टाउनलँड, आपल्या वाडीएवढा जमिनीचा तुकडा. आयर्लंडमध्ये असे साठ हजारांहून जास्त आहेत. "कॉर्क, आयर्लंड" एवढ्यावर नातं लागत नाही. कॉर्कजवळच्या क्वीन्सटाउन बंदरातून जहाज सुटलं म्हणून अर्ध्या अमेरिकेने आपलं मूळ कॉर्क लिहून ठेवलंय.

एका दगडाची गोष्ट

आता माझी स्वतःची चूक. हिच्यामुळेच मी घाईच्या लोकांवर जरा जास्त चिडते.

सासूबाईंचं माहेरही सलिव्हनांचंच, बेरा द्वीपकल्पातलं, ॲलिहीज भागातलं. तिथे तांब्याच्या खाणी होत्या. त्या खाणी बंद पडल्या तशी तिथली माणसं अमेरिकेत मोंटानातल्या ब्यूटच्या खाणींवर गेली. अशाच एका ब्यूटवाल्या घराण्यातल्या बाईंचं पत्र आलं: पणजोबा डॅनिएल सलिव्हन, वडील मायकल, आई मेरी हॅरिंग्टन, टाउनलँड अमुक. मी उडालेच. सासूबाईंचे पणजी-पणजोबा मायकल सलिव्हन आणि मेरी हॅरिंग्टन, टाउनलँड तेच! चर्चच्या वहीत डॅनिएलचा बाप्तिस्मा सापडला, जानेवारी १८६८. म्हणजे हा सासूबाईंच्या आजोबांचा सख्खा भाऊ. मी त्याच संध्याकाळी फोन केला. सासूबाईंनी केक केला, गावभर सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात ब्यूटहून चौघं आली, पडक्या घरासमोर रडली आणि भिंतीतला एक दगड बॅगेत घालून घेऊन गेली.

त्या हिवाळ्यात मी वंशावळ नीट टाइप करायला बसले. मायकल आणि मेरीच्या मुलांत मे १८६८ ला आणखी एक बाप्तिस्मा. जानेवारीत डॅनिएल आणि मे महिन्यात एलन! चार महिन्यांत दुसरं मूल. आधीही हे मला दिसलं होतं. तेव्हा मी "डॅनिएलला उशिरा नेलं असेल" असं म्हणून पुढे गेले होते. कॅथलिक आयर्लंडमध्ये बाळाला एक-दोन दिवसांत चर्चमध्ये नेत, हे माहीत असूनही. उत्तर आवडलं की आपण त्याच्या बाजूने वकिली सुरू करतो.

मग १९११ च्या जनगणनेचा फॉर्म काढला. त्या वर्षी विवाहित बाईला विचारलं होतं: लग्नाला किती वर्षं, मुलं किती झाली, हयात किती. मेरीचं उत्तर आठ, हयात सहा. मी तिच्या पदरात चौदा घातली होती.

डब्लिनला जाऊन जमीनमहसुलाची दुरुस्ती-पुस्तकं पाहिली. ग्रिफिथच्या मूल्यांकनानंतरचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकात करआकारणीसाठी झालेल्या जमीन-घरांच्या मोजणीनंतरचा, प्रत्येक फेरफार तिथे वेगवेगळ्या रंगाच्या शाईने खोडून लिहिलेला असतो. एकाच टाउनलँडमध्ये दोन ओळी: मायकल सलिव्हन, कंसात 'रुआ', आणि मायकल सलिव्हन, कंसात 'बॉन'. तांबडा मायकल आणि गोरा मायकल. दोघे सख्खे चुलत भाऊ, दोघांची बायको मेरी हॅरिंग्टन.

हा योगायोग नाही. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडिलांच्या आईच्या, अशी इथली रीत होती. आजोबा मायकल आणि त्यांना चार मुलगे, म्हणजे एकाच वाडीत एकाच पिढीत चार मायकल सलिव्हन व्हायला काय हरकत आहे? आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला देतात तसंच, फक्त इथे मधलं नाव वडिलांचं नसतं, म्हणून वेगळं काढायला दोरा सापडत नाही. आपली 'मायकल डॅनिएल सलिव्हन' अशी पद्धत यांनी घेतली असती तर माझे दोन हिवाळे वाचले असते.

दोन घरं वेगळी केली ती गॉडपेरंटनी, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाची जबाबदारी घेणाऱ्या धर्ममाता-धर्मपित्यांनी. चौदा बाप्तिस्मे चौदा चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावर पसरले. आठ चिठ्ठ्यांवर सलिव्हन गॉडपेरंट रुआच्या भावंडांपैकी, सहांवर बॉनच्या. डॅनिएल बॉनच्या ढिगाऱ्यात, सासूबाईंचे आजोबा रुआच्या. म्हणजे तो सासूबाईंच्या आजोबांचा भाऊ नाही, चुलत-चुलत भाऊ. आणि दगड रुआच्या घराचा.

माझी सवय तेव्हापासूनची: नोंद उतरवताना आई-वडिलांच्या आधी गॉडपेरंट आणि लग्नाचे साक्षीदार लिहिते. वेबसाइटच्या सूचीत ते बहुतेकदा नसतातच, मूळ पानाचा फोटो उघडावा लागतो. नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने कॅथलिक चर्चच्या वह्यांचे फोटो २०१५ पासून फुकट ठेवलेत, साधारण १८८० पर्यंतचे. फुकट असूनही लोक उघडत नाहीत, कारण अक्षर वाचवत नाही. मग दुसऱ्याने चढवलेली वंशावळ एका क्लिकवर आपल्या झाडाला चिकटवतात. तीच चूक चाळीस झाडांवर दिसली की तिला पुरावा म्हणतात.

पाद्रीबुवांनी नातं लिहून ठेवलंय, तुम्ही ते गाळता

माझा सगळ्यात लाडका मुद्दा हा. दोन घराण्यांत आधीपासून नातं होतं का, याचं उत्तर कित्येकदा लग्नाच्या नोंदीतच असतं. आपल्याकडे सपिंड-सगोत्र बघत तसं कॅथलिक चर्चमध्ये चौथ्या पायरीपर्यंतच्या नात्यात लग्नाला मनाई होती. करायचंच तर परवानगी घ्यावी लागे, आणि ती मिळाली की पाद्री नोंदीशेजारी लॅटिनमध्ये लिहीत: 'इन तेर्तियो ग्रादू कॉन्सांग्विनितातिस'. तिसऱ्या पायरीचं रक्ताचं नातं, म्हणजे नवरा आणि नवरी यांच्या आजी-आजोबांपैकी कोणीतरी एकमेकांची सख्खी भावंडं. दुसरी पायरी म्हणजे सख्खी चुलत-मावस भावंडं. 'तेर्तियो एत क्वार्तो' असं असेल तर एका बाजूने तीन पिढ्या, दुसऱ्या बाजूने चार. 'अफिनितातिस' असेल तर रक्ताचं नाही, आधीच्या लग्नातून आलेलं नातं.

एवढ्या एका ओळीत तीन पिढ्या मागचं नातं बसलेलं असतं, त्या काळातल्या वह्या जळल्या-हरवल्या असल्या तरी. आणि सूचीत ही ओळ नसते! बॉन मायकलच्या लग्नाच्या नोंदीत ती आहे, तिसरी पायरी. म्हणजे त्याची मेरी त्याची नातेवाईकच होती.

बाकीच्या, झटपट

१९२२ च्या नावाने गळा काढू नका. ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दफ्तर स्फोटात उडालं आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणना बहुतेक सगळ्या गेल्या, हे खरं. पण १८६१ आणि १८७१ च्या सरकारने आधीच नष्ट केल्या होत्या आणि १८८१, १८९१ च्या पहिल्या महायुद्धात रद्दीत घातल्या. जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी १८६४ पासून आहेत, शाबूत आहेत, जुन्या तर फुकट आहेत. "सगळं जळलं" म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा शोधलेलंच नसतं.

वयावर विश्वास ठेवू नका. १९०१ मध्ये ५६ असलेली बाई १९११ मध्ये ७१ होते. मधल्या काळात, १९०९ पासून, सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन मिळायला लागलं.

जन्मतारीख बाप्तिस्म्याच्या नंतरची दिसली तर घाबरू नका. सरकारी नोंदीची मुदत उलटली की दंड पडे, म्हणून बाप तारीख पुढे ढकलून सांगे. बाप्तिस्मा खरा धरा.

नावं: जेरेमाया, डार्बी आणि डर्मट हे तिघं एकच, मूळ नाव डिअरमिड. टिमथी, थेडियस, टेग एकच. डीलिया म्हणजे ब्रिजेट. कॉर्क-केरीत ॲबिगेल दिसली की ती बायबलमधून आली असं समजू नका, ती गॉबनेट असते.

परगणा आणि धर्मप्रांत (एका बिशपच्या हाताखालचा भाग) एक नसतात. बेरा कॉर्क परगण्यात, पण चर्चच्या हिशोबात केरी धर्मप्रांतात. कॉर्कच्या चर्चच्या नोंदींत बेरा शोधून "नाही सापडलं" म्हणणारे मला महिन्याला एक तरी भेटतात.

जुन्या पत्रात 'फ्रेंड' आला तर त्याला मित्र समजून सोडून देऊ नका. खेड्यातल्या आयरिश बोलीत फ्रेंड म्हणजे नातलग.

घराण्याचं मानचिन्ह छापून विकतात ते कॉफीमग आणि टॉवेल घेऊ नका. मानचिन्ह एका माणसाला दिलेलं असतं, आडनावाला नाही. घ्यायचाच तर चहासाठी घ्या.

आणि पुण्याहून दर पावसाळ्यात एक प्रश्न येतो: "आमचे खापरपणजोबा खडकीच्या छावणीतले आयरिश शिपाई होते, त्यांच्या गावच्यांशी नातं लावून द्या." आधी शिपायाचे भरतीचे किंवा निवृत्तीचे कागद शोधा, त्यांत जन्माचा पॅरिश (चर्चचा स्थानिक विभाग) आणि जवळचं गाव लिहिलेलं असतं. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मालिकेत आहेत. ते न करता आडनाव डॉयल आहे म्हणून थेट आयर्लंडमधल्या सगळ्या डॉयलना ईमेल पाठवू नका. एकाने पाठवले होते. उत्तरं आली, सगळ्यांनी हो म्हटलं.

डीएनएचा आकडा हवा तसा वाचणं

ब्यूटच्या बाईंची आणि सासूबाईंची डीएनए जुळणी ३८ सेंटीमॉर्गन (दोघांत सारख्या असलेल्या डीएनएचं माप) होती. मी गृहीत धरलेल्या नात्यात सरासरी १२२ च्या आसपास निघते. पण कुठल्या नात्यात किती जुळतं याच्या तक्त्यात खालची मर्यादा १४ दिसली, आणि मी "बसतंय की" म्हणून मोकळी झाले. बसत होतं, पण त्याहून लांबच्या दहा नात्यांतही बसत होतं. शिवाय बेरासारख्या कोपऱ्यात पिढ्यानपिढ्या सलिव्हन-हॅरिंग्टन-मर्फी एकमेकांत लग्नं करत आले. चार लांबच्या वाटांनी आलेले तुकडे एकत्र मोजले की माणूस आहे त्याहून जवळचा वाटतो. हे वेगळं करायचं तर दोघांच्या जुळणीकडे बघून भागत नाही. रुआच्या बाजूचे आणि बॉनच्या बाजूचे ठाऊक असलेले दोन-तीन वंशज चाचणीला तयार करावे लागतात, आणि ८४ वर्षांच्या काकांना नळीत थुंकायला सांगणं ही वेगळीच तपश्चर्या आहे. मी बिस्किटांचा पुडा घेऊन जाते.

ब्यूटला मी पत्र लिहून सगळं कळवलं. दगड त्यांच्या शेकोटीवर आहे, तिथेच राहू दे असं सासूबाईंचं म्हणणं. शेवटी तो त्यांच्या चुलत खापरपणजोबांच्या भिंतीतला आहे. रुआ मायकलच्या लग्नाच्या पानावर मात्र पाण्याचा डाग पडलाय. त्याची मेरी आणि बॉनची मेरी बहिणी-बहिणी होत्या की कसं, ते त्या डागाखाली आहे. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.