तलवार मंतरायची तर हिशेब कसा मांडावा

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की आमच्याकडे संध्याकाळी खेळ बसतो. यवतमाळ जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव, लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही, त्यामुळे वही आणि फाशांवर चालणारा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ इथे चांगला रुजला. परातीत दुपट्टा अंथरायचा, त्यावर वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि कंदिलाच्या उजेडात आकडा वाचायचा. गोष्ट मी चालवतो, पोरं पात्रं होतात.

यंदा पुतण्याने पहिल्याच बैठकीत विचारलं, “काकाजी, माह्यापाशी चोवीसशे सोन्याची नाणी हायेत. आज्याची तलवार मंतरून घेऊ काय?”

असा प्रश्न प्रत्येक टेबलावर येतो, आणि बहुतेक ठिकाणी खेळ चालवणारा अंदाजाने भाव सांगून मोकळा होतो. मीही पूर्वी तेच करायचो. एकदा भाव फार उतरवला, सगळ्यांच्या हातात मंतरलेली हत्यारं आली आणि तीन बैठकींत लढाईतली भीतीच संपली. तेव्हापासून वहीत हिशेब मांडल्याशिवाय मी भाव सांगत नाही. आम्ही २००३ ची ३.५ आवृत्ती खेळतो, म्हणून आकडे तिचे आहेत. रीत मात्र कुठल्याही खेळाला लागू पडते.

आधी नियमातला भाव काढा

या आवृत्तीत सूत्र सोपं आहे. हत्याराला जेवढ्या अधिकचा मंत्र द्यायचा (अधिक एक म्हणजे वाराच्या फाशात आणि घावात एकेकाची भर) त्या आकड्याचा वर्ग करा आणि २००० ने गुणा. अधिक एकला २०००, अधिक दोनला ८०००, अधिक तीनला १८,०००, चारला ३२,००० आणि पाचला ५०,००० सोन्याची नाणी. चिलखताला याच्या निम्मे. त्यात मूळ वस्तूची किंमत धरावी लागते. मंत्र धरायला वस्तू उत्तम घडणीची लागते आणि त्या घडणीचे तलवारीला ३००, चिलखताला १५० वेगळे पडतात. लांब तलवार १५ ची, घडणीचे ३००, मंत्राचे २०००, म्हणजे २३१५.

आज्याची तलवार इथेच बाद झाली. ती साधी होती आणि उत्तम घडण नंतर चढवता येत नाही, वस्तू घडतानाच ती असावी लागते. पोराचं तोंड उतरलं. मी त्याला आपल्या वखराच्या पासेची आठवण दिली. लोहार तिला भट्टीत लाल करून पाणी पाजतो, पण लोखंडच हलकं असेल तर पाजवणी टिकत नाही, दोन तास चालली की पुन्हा बोथट. त्याला पटलं.

मग घरी करण्याचा खर्च लिहा, दिवसांसकट

गटात मांत्रिक असेल तर मंत्राचा सोन्यातला खर्च निम्म्यावर येतो. अधिक एकला १००० नाणी. इथेच पोरं खुश होतात आणि वही मिटतात. मिटू देऊ नका.

शेतमालाचा उत्पादन खर्च काढताना सरकारचा कृषिमूल्य आयोग ए-टू, ए-टू अधिक एफएल आणि सी-टू असे वेगवेगळे आकडे काढतो. ए-टूमध्ये बी-खत आणि रोजमजुरी येते, एफएल म्हणजे घरच्या माणसांची मजुरी, आणि सी-टूमध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरचं व्याजही धरलं जातं. हमीभाव कशावर काढायचा यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं भांडण आहे, कारण घरची मजुरी आणि जमीन फुकट धरली की कुठलंही पीक फायद्याचं दिसतं. मंत्राचंही तसंच आहे. एक हजार हा फक्त ए-टू झाला.

वर काय धरायचं? मंत्राच्या पूर्ण भावाच्या दर १००० नाण्यांमागे एक दिवस, रोज आठ तास. जास्त तास बसून काम लवकर उरकत नाही. अधिक एकला दोन दिवस, अधिक तीनला अठरा. शिवाय ज्यांवर पात्राची पातळी चढते ते मांत्रिकाचे अनुभवाचे गुण जातात, त्याच पूर्ण भावाच्या पंचविसाव्या हिश्शाइतके. अधिक एकला ८०, अधिक तीनला ७२०. (याच नियमांवर बेतलेल्या, २००९ मध्ये आलेल्या पाथफाइंडर या खेळाने हा अनुभवाचा खर्च काढून टाकला. तो खेळत असाल तर एवढी ओळ खोडा.) मांत्रिकाची पातळीही मंत्राच्या तिप्पट हवी, म्हणजे अधिक तीनसाठी नववी. आणि एक वस्तू अर्धवट सोडून दुसरी हाती घेतली की पहिलीचं सगळं साहित्य वाया जातं.

आता विक्रीचा भाव बघा. वस्तू विकताना निम्मीच किंमत मिळते. म्हणजे निम्म्यात बनवली आणि निम्म्यात विकली. नफा शून्य, दिवस आणि अनुभव घरचा गेला. पोरांना हे समजावून सांगावं लागलं नाही, ती अडतीवर बापासोबत उभी राहिलेली आहेत. विकण्यासाठी मंतरायचं नाही, वापरण्यासाठी मंतरायचं, हा नियम त्यांनीच वहीत लिहिला.

वस्तूचं मोल वारांत मोजा

खर्च झाला, आता मोल. तलवारीने कितीचा घाव बसतो ते सरासरीने काढा. पुतण्याचा योद्धा फाशावर ११ किंवा वर आलं की वार लावतो, म्हणजे निम्मे वार लागतात. लागलेला वार सरासरी साडेसातचा, तर दर वारामागे ३.७५. अधिक एकने लागण्याची शक्यता ५५ टक्के आणि घाव साडेआठचा होतो, म्हणजे सुमारे ४.७. अधिक दोनने ५.७, अधिक तीनने ६.८.

समोर ४५ जीवगुणांचा, म्हणजे एकूण ४५ चा घाव बसला की पडणारा राक्षस उभा करा. साध्या तलवारीने त्याला बारा वार लागतात, अधिक एकने दहा, अधिक दोनने आठ, अधिक तीनने सात. पहिल्या २००० नाण्यांनी दोन वार वाचले. पुढचे दोन वाचवायला आणखी ६००० लागले. त्यापुढचा एक वाचवायला आणखी १०,०००. बागेला पहिलं पाणी मिळालं की झाड हिरवं होतं, पाचव्या पाण्याने तेवढा फरक पडत नाही. म्हणून एकाच्या हातात अधिक तीन देण्यापेक्षा चौघांच्या हातात अधिक एक बरं, हे आकडेच सांगतात. ८००० आणि १८,००० मधला फरक पोरांनी उघडून बघितला तेव्हा दोघांनी अधिक तीनचा नाद तिथल्या तिथे सोडला.

औषधाचंही असंच मांडा. जखम भरायच्या पहिल्या पातळीच्या काढ्याची एक कुपी ५० नाण्यांची. त्याच मंत्राची पन्नास वेळा चालणारी कांडी ७५० ची, म्हणजे एका वेळेला १५. दोन्हींनी भरणारी जखम सारखीच, सरासरी साडेपाच. मात्र कुपी कोणीही पिऊ शकतो आणि कांडी चालवायला तो मंत्र ज्याच्या विद्येत आहे असा माणूस लागतो. गटात असा माणूस एकच असेल आणि तोच आधी पडला तर कांडी नुसती काठी. आमच्या पोरांनी हे फार महागात शिकून घेतलं, म्हणून आता कांडीसोबत दोन कुपी ठेवतातच.

वस्तू कुठे मिळते ते ठरवा

माझ्या मते ही पायरी सगळ्यांत जास्त चुकते. त्या नियमांत अंगमेहनतीच्या मजुराला दिवसाला एक चांदीचं नाणं मिळतं आणि दहा चांदीचं एक सोन्याचं होतं. अधिक एकच्या नुसत्या मंत्राची किंमत म्हणजे त्याचे वीस हजार रोज, चोपन्न वर्षांहून अधिक, एकही सुटी न घेता. असल्या तलवारी गावच्या लोहाराकडे टांगलेल्या दाखवल्या तर गोष्टीतलं गाव खोटं पडतं. नियमाने खेड्यात २०० नाण्यांपर्यंतचीच वस्तू मिळते, छोट्या कसब्यात ८०० पर्यंत, मोठ्यात ३००० पर्यंत. आपल्या भाषेत सांगायचं तर काढ्याची कुपी गावात, कांडी तालुक्याला आणि तलवारीसाठी जिल्ह्यालाच जावं लागेल. जाण्यायेण्याचे दिवस आणि भाडं खर्चात धरा.

२०१४ ची पाचवी आवृत्ती खेळत असाल तर भाव सूत्रावर नाही, दुर्मिळतेवर आहे. ‘अनकॉमन’ वस्तू १०१ ते ५००, ‘रेअर’ ५०१ ते ५०००, ‘व्हेरी रेअर’ ५००१ ते ५०,०००. अंतर एवढं मोठं की आतला भाव तुम्हालाच ठरवावा लागतो. उडता झाडू आणि अधिक एकची तलवार दोन्ही एकाच ‘अनकॉमन’ खणात आहेत. नदी, दरी, किल्ल्याची भिंत झाडू सगळंच ओलांडतो, तेव्हा मी तो खणाच्या वरच्या टोकाला ठेवतो आणि सहज हाती लागू देत नाही. तिथे बऱ्याच ताकदीच्या वस्तूंना पात्राशी जुळवून घ्यावं लागतं आणि अशा तीनच वस्तू एका पात्राला चालतात. म्हणून चौथी अशी वस्तू घेताना कुठली काढून ठेवणार हे आधीच विचारा.

चोवीसशे नाण्यांचं शेवटी काय झालं? वहीत दोन ओळी होत्या. विकत घेतली तर २३१५ ची तलवार, हातात उरणार ८५. गटातल्या मांत्रिकाकडून करून घेतली तर ३१५ ची तलवार, मंत्राचे १०००, कांडीचे ७५०, शिल्लक ३३५, पण दोन दिवस आणि मांत्रिकाचे ८० गुण. आणि दरोडेखोर दुसऱ्या दिवशी नदी ओलांडणार होते. पुतण्या कंदिलाजवळ वही धरून बराच वेळ बसला. मग मांत्रिक झालेल्या शेजारच्या पोराला म्हणाला, “तू तुह्यं काम सुरू कर. मी पुलावर दोन दिवस थांबतो त्यायले.” आणि आज्याच्या साध्या तलवारीने लढायला त्याने फासा उचलला.