पाय मोठा आहे? मग स्नोबोर्डची लांबी नंतर, आधी रुंदी बघा

स्नोबोर्ड घ्यायचा म्हटलं की सगळे आधी उंची विचारतात, फार तर वजन, आणि मग हनुवटीपर्यंत येणारा बोर्ड हातात देतात. पाय २८ सेंटीमीटरच्या पुढे गेलेला असेल तर हे उलटं आहे. बूट बोर्डाच्या कडेबाहेर फार आला की बोर्ड एजवर, म्हणजे धातूच्या कडेवर, कलला रे कलला, बुटाचं टोक बर्फाला घासतं, ह्याला टो ड्रॅग म्हणतात, टाचेकडून झालं तर हील ड्रॅग. मऊ, ताज्या बर्फात एकवेळ खपून जातं, पण कडक पिस्तवर, म्हणजे तयार केलेल्या बर्फाच्या उतारावर, वेगात खोल टर्न मारताना बूट टेकला की एज बर्फातून सुटते आणि सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून दुकानात जायच्या किंवा ऑनलाइन ऑर्डर टाकायच्या आधी ही तयारी करून ठेवा, खरंच खूप फरक पडतो.

पहिलं काम पाय मोजायचं, आणि तो अनवाणी. टाच भिंतीला टेकवून, पूर्ण वजन टाकून उभं राहायचं, सगळ्यात पुढे आलेल्या बोटासमोर जमिनीवर खूण करायची, मग भिंतीपासून खुणेपर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवायचं. दोन्ही पाय मोजा, थोडासा फरक असतोच, मोठा धरा. संध्याकाळी मोजलेलं बरं कारण दिवसभरात पाय जरा फुगतो. हा आकडा म्हणजेच मोंडो साइज, २९ सेंटीमीटरचा पाय म्हणजे मोंडो २९, पुरुषांच्या यूएस मापात साधारण ११, आणि ३० म्हणजे १२. रोजच्या स्पोर्ट्स शूजचा नंबर मात्र इथे धरू नका, ते शूज बरेच जण एखादा नंबर मोठाच घालतात आणि मग तोच मोठा नंबर बुटाला, तिथून बोर्डाला, असं सगळंच वाढत जातं.

आता बूट, आणि बूट बोर्डाच्या आधी घ्यायचा, ही क्रमवारी प्लीज बदलू नका. एक पातळ मोजा घालून, लेस नीट आवळून सरळ उभं राहिलं की बोटं पुढच्या भिंतीला हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की जराशी मागे सरकली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. नवा लाइनर, म्हणजे बुटाच्या आतला मऊ थर, काही दिवसांत दबून सैल होतो, त्यामुळे दुकानात मस्त ऐसपैस वाटणारा बूट नंतर ढिला पडतो. पाय लांब नसून रुंद असेल तर नंबर वाढवण्याऐवजी वाइड फिटिंगचा बूट मागा. आणि मोठ्या पायवाल्यांनी तर बूट उलटा करून सोलची बाहेरची लांबी टेपने मोजाच मोजा, कारण बाहेरून बूट पायापेक्षा दोन ते साडेतीन सेंटीमीटर लांब असतो आणि एकाच नंबरच्या दोन मॉडेलमध्ये चांगला सेंटीमीटरभर फरक निघू शकतो. रिड्यूस्ड फूटप्रिंट म्हणून जे बूट येतात ते आतून तेवढेच पण बाहेरून आखूड असतात, मोठ्या पायाला हे वरदान आहे.

मग रुंदी. स्पेसिफिकेशनमध्ये वेस्ट विड्थ दिलेली असते, म्हणजे बोर्डाच्या मधल्या सगळ्यात अरुंद जागेची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ढोबळमानाने पुरुषांचे नेहमीचे बोर्ड २५० च्या आसपास, मिड-वाइड २५५ ते २६०, वाइड २६० च्या वर, आणि एकदम मोठ्या पायांसाठी २७० च्या पुढचेही मिळतात. पण वाइड ह्या शिक्क्यावर विसंबू नका, एका कंपनीचा वाइड दुसऱ्या कंपनीच्या मिड-वाइडएवढा असू शकतो, आकडाच बघा. शिवाय तुमचे पाय वेस्टवर नसतातच, ते इन्सर्टवर असतात, म्हणजे बाइंडिंगचे (बूट बोर्डाला पकडून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या साच्याचे) स्क्रू बसतात तिथे, आणि तिथे बोर्ड वेस्टपेक्षा साधारण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर रुंद असतो. बोर्ड उलटा करा, इन्सर्टच्या रेषेत एका एजपासून दुसऱ्या एजपर्यंत टेप धरा, हाच आकडा कामाचा.

हिशोब असा. सोल ३३ सेंटीमीटर, बाइंडिंग १५ अंशावर, तर बोर्डाच्या आडवं ते जवळपास ३२ भरतं. इन्सर्टपाशी बोर्ड २७.५ असेल तर दोन्ही बाजूंना सव्वादोन सेंटीमीटर बाहेर, हे जास्त झालं. तिथेच २८.५ असेल तर पावणेदोनच्या आत, हे चालतं, कारण बुटाचं टोक आणि टाच खालून थोडी वर वळलेली असते. एका बाजूला एक ते दोन सेंटीमीटर बाहेर येणं नॉर्मल आहे, किंबहुना हवंच, पाय एजच्या थोडा बाहेर असला की एजवर जोर नीट येतो. पाय अगदी सरळ, म्हणजे बोर्डाला काटकोनात, शून्य अंशावर ठेवत असाल तर तोच बूट पूर्ण ३३ भरतो, म्हणून मागचा पाय सरळ ठेवणाऱ्यांनी हिशोब मागच्या पायाचा करावा. अंश वाढवून थोडी जागा मिळते, पण गुडघ्याला न झेपणारे अंश फक्त अरुंद बोर्ड वाचवायला लावू नका.

भीतीपोटी सगळ्यात रुंद बोर्डही उचलू नका. पाय कडेपर्यंत पोचतच नसेल तर एका एजवरून दुसऱ्या एजवर जायला बोर्ड आळशी होतो आणि दिवसअखेर पावलं, घोटे दुखतात.

लांबी आता ठरवायची, आणि ती वजनावरून, कंपनीच्या चार्टमध्ये बघून. वाइड बोर्डाचा पृष्ठभाग मोठा असल्याने दोन-तीन सेंटीमीटर आखूड घेतला तरी बहुतेकांना चालतो. खरी पंचाईत हलक्या वजनाच्या, मोठ्या पायाच्या रायडरची, वाढत्या वयातल्या मुलांची तर हमखास. त्यांच्यापुढे लांब आणि रुंद बोर्ड ठेवला जातो आणि तो त्यांना वाकवताच येत नाही. त्यांनी आखूड पण रुंद, व्हॉल्यूम शिफ्टेड प्रकारचे बोर्ड शोधावेत. बायकांचे बोर्ड मुळातच अरुंद असतात, त्यामुळे २७ सेंटीमीटरच्या पुढच्या पायाला पुरुषांचे बोर्ड बघायला अजिबात संकोच नको, आकडे जुळले की झालं.

बाइंडिंग बुटाच्या साइजप्रमाणेच घ्या, बूट सोबत नेऊन त्यात बसवून बघा. बसवल्यावर बूट मध्यभागी हवा, टाचेकडून आणि बोटांकडून सारखाच बाहेर. डिस्क, म्हणजे बाइंडिंगच्या मधली गोल चकती, पुढे-मागे सरकवून किंवा हील कप, म्हणजे टाचेमागचा आधार, अॅडजस्ट करून हे जमतं. पुष्कळदा जो टो ड्रॅग बोर्डाच्या माथी मारला जातो तो नुसता बूट पुढे सरकून बसल्याने होत असतो. मग गालिच्यावर बोर्ड ठेवून, बूट स्ट्रॅपमध्ये आवळून, बोर्ड हळूहळू एजवर कलवा आणि बुटाचं टोक कधी टेकतं ते बघा, दोन्ही बाजूंनी. अगदी थोड्याच कलण्यात टेकलं तर बाइंडिंगखाली रायझर, म्हणजे जाड पट्टी, टाकून थोडी उंची मिळते, तरीही टेकत असेल तर बोर्ड बदला.

भाड्याने घेणार असाल तर मोंडो साइज, वजन आणि वाइड बोर्ड हवाय हे बुकिंग करतानाच कळवा, मोठ्या मापाचे बूट आणि वाइड बोर्ड मोजकेच असतात आणि सकाळी लवकर जातात. खिशात छोटी टेप आणि स्क्रूड्रायव्हर ठेवा, उतारावरच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर स्क्रू पुन्हा आवळून घ्या आणि बूट अजून मध्येच आहे ना तेही तेव्हाच बघा.