निवेदन लिहायच्या आधी कलमातला शब्द कसा तपासायचा
आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडं मराठी शाळेला शिक्षक मागायचं निवेदन म्हटलं की त्यात राज्यघटनेचं ३५०अ कलम असतंच, आणि असायलाच पाहिजे, पण द्यायच्या आधी ते कलम एकदा स्वतः उघडून वाचा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलेलं हे कलम सांगतंय की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्यानं पुरेशा सोयी करायचा 'प्रयत्न' करावा. आता पेन्सिलीनं 'प्रयत्न' खोडा आणि 'सोयी कराव्याच' असं वाचून बघा. आधीच्या वाक्यावर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसातनं उत्तर येऊ शकतंय की वर कळवलंय, प्रयत्न चालू आहे. दुसऱ्यावर ते उत्तर चालणार नाही, वर्गात शिक्षक आहे का नाही तेवढंच सांगावं लागेल.

असा बदल खरंच झालाय. मूळ ४५व्या कलमात १४ वर्षांपर्यंतच्या मोफत, सक्तीच्या शिक्षणासाठी राज्य १० वर्षांत प्रयत्न करील असं होतं. २००२ च्या ८६व्या दुरुस्तीनं २१अ आलं, ६ ते १४ वयाच्या मुलांना राज्य शिक्षण देईल, प्रयत्न बियत्न काही नाही. शिवाय ४५ होतं मार्गदर्शक तत्त्वांत, २१अ आहे मूलभूत हक्कांत, म्हणून शब्दासोबत कलम कुठल्या भागात आहे तेही बघाच, कोर्टाचं दार त्यावरनं उघडतंय.

सीमाप्रश्नावर बोलणाऱ्यानं तर कलम ३ पाठच करावं. राज्याची हद्द बदलायचं विधेयक राष्ट्रपती त्या राज्याच्या विधिमंडळाकडं 'मत' मागायला पाठवतात, ते मत संसदेवर बंधनकारक नाही. 'मत' काढून तिथं 'संमती' घाला, मग बेंगळूरनं नाही म्हटलं की विषयच संपला. आज दिल्लीकडं बघून आशा धरता येते ती त्या एका शब्दामुळं, हे आपल्या पोरांना माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतंय.

आता निवेदन. ३५०अ ठेवा, पण पहिला मुद्दा २१अ आणि २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा करा. मातृभाषेचं माध्यम त्या कायद्यातही 'शक्य असेल तिथवर' आहे, तो शब्द कच्चाच आहे. शिक्षकांचा आकडा मात्र पक्का आहे, पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक. एसडीएमसी म्हणजे शाळेच्या देखरेख समितीकडनं पटसंख्या घ्या, खाली सही घ्या आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातनं उठू नका.